घटक ४ : क्षुल्लक अपाय आणि फौजदारी कायदा – एका कलमाचे भाषिक वाचन

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• फौजदारी कायदा क्षुल्लक कृत्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे सांगता येईल.
• भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३ मधील वाक्यरचनेचे विश्लेषण करता येईल.
• ‘क्षुल्लक’, ‘किरकोळ’, ‘सौम्य’ या शब्दांतील अर्थभेद उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• ‘गुन्हा नाही’ आणि ‘गुन्हा आहे, पण शिक्षा सौम्य’ या दोन विधानांतील फरक समजावून देता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रशासनाच्या मराठीची वैशिष्ट्ये पाहिली. प्रस्तुत घटकात आपण कायद्याच्या भाषेकडे वळत आहोत. त्यासाठी संपूर्ण संहिता डोळ्यांखालून घालण्याऐवजी एकच छोटे कलम सावकाश वाचावयाचे आहे. कायद्याचे वाक्य हे कथा-कवितेतील वाक्यासारखे केवळ अर्थ सुचवून थांबत नाही. त्यातील एका प्रत्ययावर एखाद्याचे निर्दोषत्व अवलंबून असते. म्हणून भाषेच्या विद्यार्थ्याने असे वाक्य वाचणे अगत्याचे आहे.

एक साधा प्रसंग कल्पनेत आणा. पहाटे फिरावयास निघालेल्या आजोबांनी शेजारच्या कुंपणाबाहेर आलेली जास्वंदीची दोन फुले देवासाठी खुडली. घरमालकाला विचारले नाही. आठवड्याच्या बाजारात एका बाईंनी शेंगा घेण्यापूर्वी दोन दाणे तोंडात टाकले आणि न घेताच त्या पुढे गेल्या. मुंबईच्या लोकलमध्ये चढताना एकाने दुसऱ्याला रेटले. या तिघांनी गुन्हा केला काय? तुमचे सहज उत्तर ‘छे, यात कसला गुन्हा!’ असे असेल. परंतु चोरीची आणि बलप्रयोगाची व्याख्या अक्षरशः लावू लागलो, तर हे उत्तर वाटते तितके सोपे राहत नाही. या अडचणीतूनच आपल्या अभ्यासाचे कलम जन्माला आले.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ व्याख्येची व्याप्ती आणि अपवादाची गरज

व्याख्या करणाऱ्यापुढे नेहमीच एक पेच असतो. व्याख्या अरुंद केली तर खरा गुन्हेगार निसटतो. ती रुंद केली तर निरपराध माणूस तीत अडकतो. आपल्या कायद्याने सामान्यतः रुंद व्याख्येचा मार्ग पत्करला आहे. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिकपणे घेण्यासाठी हलवणे म्हणजे चोरी. या व्याख्येत वस्तूच्या किमतीची खालची मर्यादा नाही. शारीरिक वेदना, रोग किंवा दौर्बल्य आणणे म्हणजे दुखापत. येथेही वेदना किती, हे सांगितलेले नाही. शब्दशः पाहिल्यास चिमटा हीसुद्धा दुखापतच ठरते.

भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा थॉमस मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ साली सादर केला. मसुद्याला जोडलेल्या टिपणांत या पेचाची मोकळी कबुली आढळते. दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडवणे ही व्याख्येप्रमाणे चोरी होईल. पाकीट चिकटवण्याची त्याची चकती मोडणे हे मालमत्तेचे नुकसान होईल. घोड्यावरून जाताना कोणावर धुरळा उडवणे हा हमला होईल, तर गाडीत चढताना अंग रेटणे ही दुखापत होईल, अशा आशयाची उदाहरणे आयोगाने दिली आहेत. माणसे एकत्र राहतात तेव्हा अशा गोष्टी एकमेकांच्या हातून घडतात आणि एकमेकांना त्या सोसाव्याही लागतात. गुन्ह्याशी त्यांचा फरक असतो तो केवळ प्रमाणाचा, असा त्यामागील विचार होता.

मग प्रत्येक व्याख्येत ‘मात्र फार थोडे असेल तर नाही’ असे जोडावयाचे काय? तसे केले असते तर संहिता किचकट झाली असती. त्याऐवजी ‘सर्वसाधारण अपवाद’ या प्रकरणात एकच कलम घातले गेले आणि ते सर्व व्याख्यांना लागू झाले. भारतीय दंड संहिता १८६० साली संमत झाली व १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्यात हे कलम ९५ होते. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहिता, २०२३ हिने घेतली. तेथे तेच कलम, तोच आशय घेऊन, कलम ३३ म्हणून आले आहे. दीडशेहून अधिक वर्षे एखादे वाक्य न बदलता टिकते, याचा अर्थ त्याची घडण विचारपूर्वक झालेली आहे.

या विचाराची मुळे रोमन परंपरेतून आलेल्या ‘डी मिनिमिस नॉन क्युरात लेक्स’ या लॅटिन सूत्रात सांगितली जातात. ‘कायदा क्षुल्लक बाबींची दखल घेत नाही’, असा त्याचा भावार्थ आहे. मात्र सूत्र आणि कलम यांत अंतर आहे. सूत्र केवळ दिशा दाखवते, तर कलम मोजमापाची कसोटी देते.

४.२.२ कलमाची वाक्यरचना

कलम ३३ चा आशय आपल्या शब्दांत असा मांडता येईल : एखाद्या कृतीने अपाय होतो, किंवा तो व्हावा असा तिचा उद्देश आहे, किंवा तो होण्याचा संभव असल्याची जाणीव आहे, एवढ्याच कारणावरून ती कृती अपराध ठरत नाही; जर तो अपाय इतका क्षुल्लक असेल की सामान्य समज व स्वभाव असलेली कोणतीही व्यक्ती त्याबद्दल तक्रार करणार नाही.

आता या वाक्याचे चार भाग वेगळे करून पाहू.

(अ) ‘अपराध ठरत नाही’ : बोली व्यवहारात आपण ‘गुन्हा’ म्हणतो, तर कायद्याच्या मराठीत ‘अपराध’ हा शब्द रूढ आहे. महत्त्वाचा मुद्दा नकाराचा आहे. हा नकार शिक्षेला लागलेला नसून ‘अपराध’ या नावालाच लागला आहे. ‘अपराध आहे, पण माफ केला’ आणि ‘अपराध नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यातील माणूस दोषी ठरतो. नोकरीच्या अर्जातील ‘दोषसिद्धी झाली आहे काय?’ या रकान्यात त्याला ‘होय’ लिहावे लागते. दुसऱ्या वाक्यातील माणूस निर्दोष असतो.

(आ) ‘किंवा… किंवा… किंवा’ : घडलेला अपाय, योजलेला अपाय आणि संभवनीय अपाय अशी तीन पर्यायी पदे येथे जोडली आहेत. हे कलम फक्त चुकून झालेल्या गोष्टींसाठी आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वाक्यरचना मात्र तसे सांगत नाही. उद्देशपूर्वक केलेली कृतीही तिच्या कक्षेत येऊ शकते. अपघाताने घडलेल्या गोष्टींसाठी संहितेत स्वतंत्र कलम आहेच.

(इ) ‘इतका… की’ : मराठीतील ही परिणामदर्शक रचना आहे. ‘इतका पाऊस पडला की ओढा भरून वाहू लागला’ या वाक्यात पावसाचे मोजमाप मिलिमीटरमध्ये नसून परिणामात आहे. त्याचप्रमाणे कलमातील ‘इतका क्षुल्लक’ याचे मोजमाप रुपयांत वा सेंटिमीटरमध्ये दिलेले नाही. ‘की’ नंतर येणारी माणसाची प्रतिक्रिया हेच येथे माप आहे.

(ई) ‘तक्रार करणार नाही’ : क्रियापदाचे रूप नीट पाहा. ‘तक्रार केली नाही’ असे कायदा म्हणत नाही. ‘केली नाही’ हे घडून गेलेल्या गोष्टीविषयीचे विधान झाले. ‘करणार नाही’ हे अपेक्षेविषयीचे विधान आहे. प्रकरण न्यायालयात आले, त्याअर्थी कोणीतरी तक्रार केलीच आहे. परंतु तेवढ्यावरून अपाय गंभीर ठरत नाही. सामान्य माणसाने ती केली असती काय, एवढाच प्रश्न उरतो. एका क्रियारूपाने तक्रारदाराचा वैयक्तिक राग आणि समाजाची अपेक्षा यांना वेगळे केले आहे.

४.२.३ ‘क्षुल्लक’ हा शब्द कशाला लागतो?

मराठीत अल्पत्व दाखवणारे शब्द पुष्कळ आहेत. परंतु प्रत्येकाची सोबत ठरलेली असते. आपण ‘किरकोळ जखमी’, ‘किरकोळ विक्री’, ‘किरकोळ रजा’ म्हणतो. यात केवळ लहान प्रमाण किंवा सुटेपण आहे. ‘सौम्य’ हा शब्द ताप, शिक्षा, भाषा यांच्या तीव्रतेविषयी बोलतो. ‘क्षुल्लक’ या शब्दात मात्र मूल्यनिर्णय आहे. दखल घेण्याच्या योग्यतेचे नाही, असे तो सुचवतो. म्हणूनच किरकोळ जखम ही नेहमी क्षुल्लक असतेच असे नाही.

वर्तमानपत्रांत ‘क्षुल्लक कारणावरून हाणामारी’, ‘क्षुल्लक वादातून खून’ असे मथळे तुम्ही नेहमी वाचता. तेथे ‘क्षुल्लक’ हे विशेषण कारणाला लागले आहे, तर कलमात ते अपायाला लागले आहे. बसमधील जागेवरून भांडण झाले आणि एकाने दुसऱ्याचे डोके फोडले, तर कारण क्षुल्लक असले तरी अपाय गंभीर आहे. तेथे या कलमाचा आसरा मिळत नाही. विशेषणाचे विशेष्य कोणते, हा व्याकरणाचा प्राथमिक प्रश्न येथे न्यायाचा प्रश्न होतो.

४.२.४ न्यायालयाने केलेले वाचन

१९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ लावला. घरमालकाच्या बाजूचा एक गृहस्थ आणि भाडेकरू कुटुंब यांच्यात वाद झाला. रागाच्या भरात त्या गृहस्थाने कागदपत्रांची फाइल भिरकावली. ज्याच्यावर ती फेकली त्याला न लागता ती तेथील एका स्त्रीच्या कोपराला लागली आणि तिला खरचटले. मुंबई उच्च न्यायालयाने हा अपाय क्षुल्लक मानून या कलमाचा लाभ दिला. त्याविरुद्ध अपील झाले.

अपिलातील एक मुद्दा निव्वळ शब्दार्थाचा होता. कलमात ‘अपाय’ म्हटले आहे, ‘दुखापत’ नव्हे. मग शारीरिक इजा ‘अपाय’ या शब्दात येते काय? न्यायालयाने ‘अपाय’ हा शब्द व्यापक मानला आणि शारीरिक इजेचा त्यात समावेश होतो, असे ठरवले. शरीर, मन, लौकिक आणि मालमत्ता या चारही ठिकाणी अपाय संभवतो, ही संहितेचीच भूमिका आहे. अपील फेटाळले गेले.

या निर्णयातील दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. कृत्य क्षुल्लक आहे की नाही, हे केवळ इजेच्या मापाने ठरत नाही. इजेचे स्वरूप, दोन्ही पक्षांचे परस्परांतील स्थान, उद्देश वा जाणीव आणि भोवतालची परिस्थिती हे सारे पाहावे लागते. सैनिकाने आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर किंवा विद्यार्थ्याने शिक्षकावर हात उगारला, तर इजा नगण्य असली तरी कृत्य क्षुल्लक ठरत नाही, कारण त्याने शिस्तीचा पायाच उखडतो, असे न्यायालयाने सांगितले.

आपल्या भाषेत हा विचार पिढ्यान्‌पिढ्या एका म्हणीत साठवलेला आहे : म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. झालेले नुकसान थोडे असू शकते, परंतु त्यातून सोकावणारा काळ क्षुल्लक नसतो. याउलट ‘राईचा पर्वत करणे’ आणि ‘पराचा कावळा करणे’ हे वाक्प्रचार थोड्या गोष्टीचा बभ्रा करणाऱ्याला आवरतात. या दोन टोकांच्या मध्ये कोठे उभे राहावयाचे, हेच न्यायाधीशाला दर वेळी ठरवावे लागते.

४.२.५ ‘सामान्य व्यक्ती’ म्हणजे कोण?

येथे थोडे थांबून विचार करा. ‘सामान्य समज व स्वभाव असलेली व्यक्ती’ ही कोणत्याही गावात राहत नाही. ती कायद्याने निर्माण केलेली कल्पना आहे. हळव्या माणसाच्या तक्रारीवर तुरुंग उभे राहू नयेत आणि दांडग्या माणसाच्या बेफिकिरीवर अन्याय खपू नये, यासाठी तिची योजना आहे. परंतु तिचा चेहरा रंगवताना आपण नकळत आपलाच चेहरा रंगवतो, हा धोका राहतो.

१९८८ साली चंदिगढ येथे एका समारंभात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने केलेल्या असभ्य वर्तनाबद्दल भारतीय प्रशासकीय सेवेतील एका महिला अधिकाऱ्याने तक्रार केली. उच्च न्यायालयाने ते प्रकरण रद्द केले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. स्त्रीच्या विनयाशी संबंधित अपराधाला ‘क्षुल्लक अपाय’ हे कलम लावता येत नाही, अशी स्पष्ट भूमिका न्यायालयाने घेतली. ‘एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला तक्रार?’ हा प्रश्न सोसणाऱ्याला विचारणे किती सोपे असते, हे या प्रकरणातून दिसते. त्या प्रश्नातील ‘एवढे-तेवढे’ कोणी मोजले, हा प्रतिप्रश्न भाषेच्या विद्यार्थ्याने विचारला पाहिजे.

पैशाच्या बाबतीतही असेच आहे. पन्नास रुपये पगारदाराला क्षुल्लक वाटतील. हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बाईच्या दिवसाच्या नफ्यात त्यांना निराळे वजन असते. ‘पक्षांचे परस्परांतील स्थान’ पाहावे, या न्यायालयाच्या सांगण्याचा अर्थ अशा ठिकाणी उलगडतो.

४.२.६ क्षुल्लक नसले, पण लहान असले तर?

कलम ३३ चा दरवाजा अरुंद आहे. शिवाय आपले कृत्य अपवादात बसते, हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. या दरवाजातून न जाणाऱ्या लहान गुन्ह्यांसाठी कायद्याने इतर वाटा ठेवल्या आहेत. त्या थोडक्यात अशा :

१. अदखलपात्र अपराध : साध्या दुखापतीसारख्या प्रकरणात दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलीस तपास करू शकत नाहीत. पोलीस ठाण्यात ‘एन. सी. घेतली’ असे जे म्हटले जाते, ते याच नोंदीविषयी.
२. तडजोड : काही अपराधांत बाधित व्यक्ती कायद्याने ठरवलेल्या रीतीने आरोपीशी तडजोड करू शकते.
३. संक्षिप्त चाचणी : लहान प्रकरणे थोडक्या कार्यपद्धतीने चालवली जातात. अशा चाचणीत तीन महिन्यांहून अधिक कारावास देता येत नाही.
४. परिवीक्षा : अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ अन्वये योग्य प्रकरणी न्यायालय दोषी व्यक्तीला ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते.
५. सामुदायिक सेवा : ही शिक्षा भारतीय न्याय संहितेने नव्याने आणली. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी, पहिलीच दोषसिद्धी आणि वस्तू वा तिची किंमत परत केलेली असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा सांगितली आहे.

या पाचही वाटांवर कृत्याला ‘अपराध’ हे नाव कायम राहते. बदलते ती फक्त कार्यपद्धती किंवा शिक्षा. कलम ३३ मात्र ते नावच काढून घेते. हा भेद मनात पक्का ठेवा.

४.२.७ अन्य देशांतील मांडणी

एकच विचार निरनिराळ्या देशांनी वाक्यात निरनिराळ्या जागी बसवला आहे. रशियाच्या १९९६ च्या फौजदारी संहितेतील कलम १४ मध्ये अपराधाच्या व्याख्येलाच हा विचार जोडलेला आहे. कृत्यात अपराधाची लक्षणे वरवर आढळली, तरी क्षुल्लकपणामुळे ते समाजाला धोकादायक नसेल, तर तो अपराध नव्हे, असे ते कलम सांगते. जर्मनीत हा विचार मुख्यतः कार्यपद्धतीत दिसतो. तेथील दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १५३ अन्वये कमी गंभीर अपराधात दोष अल्प असेल आणि खटला चालवण्यात सार्वजनिक हित नसेल, तर सरकारी अभियोक्ता सामान्यतः न्यायालयाच्या संमतीने प्रकरण थांबवू शकतो.

म्हणजे रशियन मांडणी विचारते, ‘समाजाला धोका आहे काय?’ जर्मन मांडणी विचारते, ‘खटला चालवण्यात अर्थ आहे काय?’ भारतीय मांडणी विचारते, ‘सामान्य माणूस तक्रार करील काय?’ तिन्ही प्रश्नांचा रोख एक असला, तरी उत्तर देणारा बदलतो. आपल्या कलमाच्या केंद्रस्थानी शेजारधर्म जाणणारा एक माणूस आहे, हे त्याचे वेगळेपण म्हणता येईल.

४.३ पारिभाषिक शब्द

अपाय : शरीर, मन, लौकिक वा मालमत्ता यांना पोहोचलेली बाधा.
आगळीक : नेहमीच्या मराठीत मर्यादाभंग, भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठात मालमत्तेची जाणूनबुजून केलेली नासधूस.
हमला : बलप्रयोग होणार अशी धास्ती निर्माण करणारा हावभाव वा तयारी, प्रत्यक्ष मार लागण्याची आवश्यकता नाही.
दोषसिद्धी : न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवणे.
परिवीक्षा : शिक्षा न भोगवता, देखरेखीखाली वा हमीवर सुधारण्याची संधी देणे.

४.४ सारांश

गुन्ह्यांच्या व्याख्या रुंद असल्याने दैनंदिन जीवनातील असंख्य कृती अक्षरार्थाने त्यांत येऊ शकतात. अशा कृतींना अपराधाच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे काम पूर्वीचे कलम ९५, म्हणजेच आताचे कलम ३३ करते. त्याची कसोटी इजेच्या आकारात नसून सामान्य माणसाच्या संभाव्य प्रतिक्रियेत आहे. परस्परांतील स्थान, उद्देश व परिस्थिती यांचा विचार केल्यावाचून ती लावता येत नाही. ‘क्षुल्लक’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर न्याय आणि अन्याय यांतील सीमारेषा अवलंबून राहते.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘तक्रार केली नाही’ आणि ‘तक्रार करणार नाही’ या रूपांतील फरक कलम ३३ च्या संदर्भात स्पष्ट करा.
२. ‘क्षुल्लक कारणावरून मारहाण’ या मथळ्यातील प्रकरणास कलम ३३ आपोआप लागू होईल काय? का?
३. एका दुकानदाराने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वजनात जाणूनबुजून थोडी थोडी कसर ठेवली. प्रत्येकाचे नुकसान नगण्य आहे. हे कृत्य क्षुल्लक म्हणावे काय? १०० ते १५० शब्दांत स्वमत मांडा.

४.६ उत्तरांची दिशा

१. पहिले रूप प्रत्यक्ष घटनेविषयी, तर दुसरे अपेक्षेविषयी आहे. तक्रार दाखल झाली एवढ्यावरून अपाय गंभीर ठरत नाही आणि सोसणारा गप्प राहिला एवढ्यावरून तो क्षुल्लकही ठरत नाही.
२. नाही. मथळ्यात ‘क्षुल्लक’ हे विशेषण कारणाला लागले आहे, तर कलमात ते अपायाला लागते.
३. या प्रश्नाचे एकच उत्तर अपेक्षित नाही. उद्देश, सातत्य, विक्रेता व गिऱ्हाईक यांचे परस्परांतील स्थान आणि ‘काळ सोकावतो’ हा विचार यांचा आधार घ्या. केवळ एका गिऱ्हाइकाच्या तोट्यावर थांबू नका.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरी येणाऱ्या मराठी वर्तमानपत्रातील एका आठवड्याच्या गुन्हेवार्ता वाचा. ‘क्षुल्लक’, ‘किरकोळ’, ‘सौम्य’, ‘मामुली’ हे शब्द कोणत्या नामाला लागले आहेत, याची नोंद करा. प्रत्येक वेळी ते माप कोणाचे आहे – वार्ताहराचे, पोलिसांचे, आरोपीचे की सोसणाऱ्याचे – हे शेजारच्या रकान्यात लिहा. ही वही संपर्कसत्राला येताना बरोबर आणा. तेथे आपण तिच्यावर चर्चा करू.